एक सीट कमी

१

माझा धंदा चष्म्याचा. डोंगरातल्या आमच्या अझरू गावच्या चौकात, मशिदीच्या समोर दुकान आहे. माणसाला दिसतं कमी आणि तो सांगतो जास्त, हे मी रोज बघतो. परक्याला जावई समजून मिठी मारणारे म्हातारे माझ्याकडे येतात, भिंतीवरची अक्षरं पाठ करून आलेले ट्रकवाले येतात. त्यामुळे कुणी ‘मी या डोळ्यांनी पाहिलं’ म्हणालं, की मी मनातल्या मनात त्याच्या डोळ्यांचा नंबर काढायला लागतो. या सवयीचा मला फार अभिमान होता.

गाडी घेतली ती तूदासाठी, माझ्या बायकोसाठी. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा तिला खाली मेक्नेस शहरात डायलिसिससाठी न्यावं लागायचं. तिची बहीण यामना बेल्जियममध्ये असते. तिचं मूत्रपिंड जुळत होतं आणि ईद झाली की राजधानीत, रबातला, ऑपरेशन करायचं ठरलं होतं. ईदपर्यंत तूदाला सांभाळायचं, एवढंच माझं काम. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की हिला थंडीपासून जपा आणि गर्दीपासून तर जपाच. कुणाचा साधा खोकलासुद्धा हिला महागात पडेल.

आणि आम्ही जात होतो मोठ्या टॅक्सीने. मोठी टॅक्सी म्हणजे जुनी जर्मन गाडी, ड्रायव्हरशेजारी दोन सीट आणि मागे चार. मागचे चौघं एक पुढे एक मागे असे खांदे तिरके करून बसतात, तेव्हा कुठे दारं लागतात. सीट भरल्याशिवाय ती जागची हलत नाही. पाच जण असतील तर पाचही जण मुकाट्याने सहाव्याची वाट बघत बसतात आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहून ओरडत असतो, ‘मेक्नेस, एक सीट, एक सीट.’ तूदाला दाराकडची सीट मिळायची. उतरली की तिच्या दंडावर दाराच्या कडीचा वळ असायचा. तो वळ बघून मला रडू यायचं, आणि म्हणून एके दिवशी मी लारबीकडे गेलो.

२

लारबी मेक्नेसला जुन्या गाड्या विकतो. आमची युरोपात राहणारी माणसं उन्हाळ्यात गाडीने येतात, गाडी विकतात आणि विमानाने परत जातात. त्यांच्या गाड्या लारबीच्या अंगणात उभ्या असतात. त्याने मला एक गर्द निळी, लांबलचक गाडी दाखवली. आतून साईच्या रंगाचं कातडं, अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या, मागची सीट गरम करायचं बटण. अशा गाडीतून पूर्वी आमच्याकडे फक्त प्रांताचा गव्हर्नर फिरायचा. आता ती जुनी झाली, म्हणून चष्मेवाल्याला परवडत होती.

“ही गाडी नाही हद्दूभाऊ, हा दिवाणखाना आहे,” लारबी म्हणाला. “वहिनींना मागे झोपवून ने. आणि डिझेल किती पिते विचारशील, तर रमजानात दुपारी तू जेवढं पाणी पितोस तेवढं.”

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागून ती जरा बसलेली वाटत होती. मी तसं म्हणालो, तर लारबीने तिच्या टपावर थोपटलं आणि सांगितलं की एवढ्या लांबून सामान लादून आलीय, दमलीय बिचारी, चार दिवसांत उठेल. मला हसू आलं. माणूस हसला की सौदा झालाच म्हणून समजायचं.

परत येताना मी एकटाच होतो. इंजिनाचा तो घनगंभीर आवाज ऐकत, आपण फार शहाणपणाचं काम केलं असं मनाशी म्हणत चाललो होतो. वाटेतलं बूफकरान गाव सोडल्यावर पावसाची बुरबुर लागली. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा आणि म्हातारी कांद्याची गोणी घेऊन उभे होते. नवी गाडी घेतलेला माणूस त्या दिवशी दानशूर असतो. मी थांबलो, काच खाली केली आणि म्हणालो, “बसा बाबा. हाजेबपर्यंत सोडतो.”

म्हातारा वाकला. त्याने आधी माझ्या शेजारी पाहिलं, मग मागे पाहिलं. हनुवटीने मोजत होता.

“एकच सीट आहे, लेका,” तो म्हणाला. “आम्ही दोघं आहोत.”

मला वाटलं थट्टा करतोय. मी मागे वळून पाहिलं. साईच्या रंगाची रिकामी सीट. मी म्हणालो, बाबा, अख्खी गाडी रिकामी आहे. तोवर म्हातारीने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं होतं. आम्ही पुढची बघतो, अल्ला तुझ्या आईबापांवर दया करो, असं ती म्हणाली आणि दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिले, जणू मी निघूनच गेलो होतो.

मोतीबिंदू, मी ठरवलं. दोन्ही डोळ्यांत, पुरता पिकलेला. या निदानावर मी घरापर्यंत खूश होतो. एकच गोष्ट खटकली. मागच्या काचा आतून पूर्ण धुरकटल्या होत्या. हिवाळ्यात भरलेल्या टॅक्सीच्या धुरकटतात तशा. एकटा माणूस श्वास सोडून सोडून किती सोडणार?

३

तूदाला गाडी बघून फार मजा वाटली. लग्नात मला मेंढ्यांच्या ट्रकमधून आणलंस आणि आता म्हातारपणी सुलतानाची गाडी, म्हणाली. मी मागे उशी ठेवली, घोंगडी अंथरली, सीट गरम करायचं बटण दाबलं. आडवी हो, मेक्नेस आलं की उठवतो, असं सांगून निघालो.

हाजेबच्या उतारावर मी आरशात पाहिलं. ती आडवी नव्हती. निळी शाल गुंडाळून, दाराला चिकटून, एक खांदा पुढे काढून बसली होती. उशी मांडीवर घेतली होती. उरलेली सगळी सीट मोकळी होती.

सवय, मी मनात म्हणालो. एवढी वर्षं टॅक्सीत बसलेलं अंग आहे, मोकळी जागा दिली तरी पसरायचं विसरलंय. हे मला इतकं पटलं की मी पुन्हा आरशात पाहिलं नाही.

पण रस्ता दिसत होता. आमच्या रस्त्यावर उभा असलेला माणूस येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतो; टॅक्सी असो, खासगी असो. त्या सकाळी लोक दुरून हात वर करत होते आणि गाडी जवळ आली की खाली घेत होते. भरलेल्या टॅक्सीला बघून आपण हात खाली घेतो ना, अगदी तसा. पहिल्यांदा मला त्यात काही वाटलं नाही. मग मी मुद्दाम बघायला लागलो, आणि एकही हात वर राहिला नाही.

बूफकरानच्या अलीकडे पोलीस शिपायांनी रस्ता अडवला होता. एक तरुण शिपाई खिडकीशी आला, कागद बघितले, मग मागे डोकावला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

“खासगी गाडीत मागे तिघंच बसवायचे,” तो म्हणाला. “आजारी बाई आहे म्हणून सोडतोय. पुढच्या खेपेला एकाला उतरवीन.”

मी काही बोलायच्या आत त्याने कागद माझ्या हातात दिले आणि पुढच्या गाडीकडे गेला. पंचविशीचा पोरगा. डोळे स्वच्छ, चष्मा नाही. मी गाडी सुरू केली. तूदाला मी विचारलं, तो काय म्हणाला ऐकलंस का? ती शालीत तोंड खुपसून पेंगत होती.

४

त्या आठवड्यात मी गाडी आमच्या मेकॅनिककडे, उस्ताद जिलालीकडे नेली. अझरूत जिलालीएवढा आत्मविश्वास कुणालाच नाही. मागून बसतेय म्हटल्यावर त्याने बघायच्या आधीच स्प्रिंगा गेल्या म्हणून सांगितलं. स्प्रिंगा बदलल्या. गाडी तशीच. मग त्याने दांड्याला दोष दिला, मग रबराला, मग जर्मनीच्या गुळगुळीत रस्त्यांना, मग लारबीच्या सात पिढ्यांना. ज्याला ज्याला दोष दिला, ते ते त्याने बदललं. फक्त लारबीच्या पिढ्या तेवढ्या राहिल्या.

शेवटी मी गेलो तेव्हा तो गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. चाक आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं घालून बघत होता. चारी दारं उघडी, डिकी उघडी, आत काही नाही. दुपारचं ऊन थेट मागच्या सीटवर पडलं होतं. कातड्यावर दबल्याच्या खुणा होत्या, शेजारीशेजारी, आणि दाराजवळचा तुकडा तेवढा ताठ, सपाट होता.

“दारं लावून बघितली, उघडून बघितली,” जिलाली म्हणाला. “गाडीत वजन आहे.”

कसलं वजन, मी विचारलं. एरवी हा माणूस प्रश्नाच्या आधी उत्तर देतो. आता त्याने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले आणि सांगितलं की उद्या त्याच्याकडे दुसरं काम येतंय, ही जागा लागेल, तेव्हा गाडी आजच घेऊन जा. माझ्याकडे त्याने शेवटपर्यंत पाहिलं नाही.

कातडं जुनं आहे, मी स्वतःला सांगितलं. आधीच्या मालकाची पोरं तिथे बसत असतील. डाव्या बाजूला कुणी बसत नसेल, एवढंच. पण मी जिलालीच्या दारातून गाडी काढली तेव्हा मागची खिडकी उघडी ठेवली, एवढ्या थंडीत, आणि ती कशासाठी ते मला धड सांगता येणार नाही.

५

चमत्कारिक गोष्ट अशी, की तूदा सुधारत होती. निदान मला तसं वाटत होतं. टॅक्सीत ती उतरेपर्यंत पार चेपून जायची. या गाडीतून ताजी होऊन उतरायची. घरी तिचे पाय बर्फासारखे असत, गाडीत मात्र तिला थंडी वाजायची नाही. मी सीट गरम करायचं बटण एकदा बंद ठेवून पाहिलं. तिला कळलंही नाही.

पण बसायची तशीच. दाराला चिकटून, एक खांदा पुढे. मला ते बघवेना. एका सकाळी, हाजेबच्या वर धुकं होतं, गाडी मी अगदी हळू चालवत होतो, आणि मी शेवटी म्हणालोच.

“तूदा, जरा आत सरकून बस ना. दार टोचत असेल.”

“कुठे सरकू?” ती म्हणाली.

वैतागून म्हणाली, सहज. भरलेल्या टॅक्सीत कुणी सरका म्हटलं की आपण म्हणतो तशी. मी आरशात पाहिलं, तर ती स्वतःच्या शेजारी बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गोंधळ होता.

“मी काय बोलले आत्ता?”

“काही नाही,” मी म्हणालो.

ती हसली. मला पण हसावं लागलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, की हद्दू, मला या गाडीत एकटं वाटत नाही. तिकडे त्या यंत्रापाशी पडून असते तेव्हा फार एकटं वाटतं, घरी तू दुकानात असलास की वाटतं, इथे वाटत नाही. तिने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. गाडी मी घेतली होती ना. मी बरं म्हणालो आणि आरसा वर छताकडे फिरवला. त्या दिवसापासून तो तसाच आहे.

६

मला कळलं ते टॅक्सीतळावर. दुकान बंद करून मी भाकरी घ्यायला निघालो होतो. भर दुपार, तळावर एकच गाडी उभी होती. पुढे दोघं, मागे तिघं. ड्रायव्हर बॉनेटवर टेकून ओरडत होता, ‘मेक्नेस, एक सीट, एक सीट.’

आत बसलेली माणसं बाहेर बघत होती. मी आयुष्यभर अशा गाडीत बसलोय, बाहेरून मात्र कधी नीट बघितलं नव्हतं. एक बाई फाटकातून पिशवी घेऊन आली आणि पाचही माणसांचे डोळे तिच्याकडे वळले. ती टॅक्सीकडे येते की चौकाकडे जाते, हे पाचही जण बघत होते. राग नाही, दुष्टावा नाही, घाईसुद्धा नाही. एक सीट कमी आहे, ती भरली की निघायचं. ती चौकाकडे वळली तेव्हा त्यांनी डोळे पुन्हा समोर लावले.

मी भाकरी न घेताच घरी आलो. एकच सीट आहे, असं म्हातारा म्हणाला होता. मागे तिघंच बसवायचे, असं शिपाई म्हणाला होता, म्हणजे त्याला तूदा धरून चौघं दिसले होते. एकाला मोतीबिंदू आहे, दुसऱ्याला भ्रम झाला, असं मी म्हणू शकत होतो, पण त्यांचा हिशेब एकमेकांशी जुळत होता. आणि मी माझ्या बायकोला आठवड्यातून तीनदा स्वतःच्या हाताने त्या उरलेल्या सीटवर नेऊन बसवत होतो, वरून घोंगडी पांघरत होतो.

मी शिकलेला माणूस आहे. रात्रभर मी स्वतःशी वाद घातला आणि प्रत्येक वाद जिंकला. सकाळी उठून मी तूदाला सांगितलं की गाडी नादुरुस्त आहे, आज टॅक्सीने जाऊ.

७

तिला ते आवडलं नाही. पण मी टॅक्सीच्या पुढच्या दोन्ही सीट तिच्या एकटीसाठी घेतल्या, म्हणजे तिला कुणी चेपणार नाही. मी मागे चौघांत बसलो. आपण किती काळजी घेतली, असं मला वाटत होतं.

तिच्या अगदी मागच्या सीटवर एक अंडीवाला बसला होता. तो अझरूपासून खोकायला लागला आणि मेक्नेसपर्यंत खोकत राहिला. तोंडावर हात धरायचा, पण खोकला हातातून सुटायचाच. तूदाच्या मानेवर तिची निळी शाल होती. मी त्या माणसाला म्हणालो की भाऊ, तोंड तिकडे कर, बाई आजारी आहे. तो बिचारा ओशाळला, खिडकी उघडू म्हणाला. मग थंडी आत आली. मी खिडकी लावायला सांगितलं. मग तो पुन्हा खोकला.

परत येतानाही आम्ही टॅक्सीनेच आलो. पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला. नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच ठेवून घेतलं. छातीत संसर्ग आहे म्हणाल्या. ईद तोंडावर आलेली. यामनाला मी फोन केला तर ती म्हणाली, तिकीट काढलंय रे, तिला फक्त धरून ठेव.

धरून ठेव. मी काय करत होतो दुसरं? त्या गाडीच्या भीतीने मी तिला त्या खोकल्याच्या पुढ्यात नेऊन बसवलं होतं. आणि आता रोज तिला भेटायला जायला मला तीच गाडी काढावी लागत होती.

८

मग माझ्या डोक्यात तो विचार आला. तो मला शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. सीट एकच आहे ना? मग तिथे दुसरं कुणीतरी बसलं, तर गाडी भरेल. भरली की निघून जाईल. आणि तूदाला जागाच उरणार नाही.

त्या दिवसापासून मी रस्त्यावर थांबायला लागलो. मला एकटा माणूस हवा होता. पण आमच्याकडे एकटं कोण फिरतं? नवरा-बायको, आई आणि तीन पोरं, मेंढी घेतलेले दोघे भाऊ. सगळे वाकून बघायचे आणि म्हणायचे, एकच सीट आहे, जा बाबा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र ते ऐकून हायसं वाटायचं. एक सीट आहे, म्हणजे अजून रिकामी आहे, म्हणजे तूदा अजून तिच्या खाटेवर आहे. रोज मी ते ऐकायलाच थांबायचो म्हटलं तरी चालेल.

एकदा हाजेबच्या खाली एक मुलगी एकटी उभी होती. शाळेचा पांढरा कोट, पाठीवर दप्तर. तिने हात केला. हात खाली घेतला नाही. उलट गाडी जवळ येताना ती एक पाऊल पुढे आली.

मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडीचा वेग कमी झाला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. नाकावर थंडीने लाली आली होती. मी पाय ब्रेकवरून काढला आणि निघून गेलो. नाही, पोर नको. कुणीतरी म्हातारा मिळाला पाहिजे, मी ठरवलं. ज्याचं सगळं बघून झालंय असा. आणि असं ठरवताना मला अजिबात लाज वाटली नाही, उलट आपण फार न्यायाने वागतोय असं वाटलं.

९

त्या दिवशी तूदाचा ताप उतरला होता. तिने चार चमचे हरीऱ्याचं सूप घेतलं आणि त्यात मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली. गाडी दुरुस्त झाली का, तिने विचारलं. मी हो म्हणालो. मग मला त्याच गाडीतून घरी ने, त्या टॅक्सीचा मला कंटाळा आलाय, म्हणाली आणि डोळे मिटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता तिला झोपू द्या, उद्या या. मी इतका आनंदात होतो, की जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सलाम करत उतरलो.

ऊन तिरपं झालं होतं. बूफकरानच्या पुढे, जिथून डोंगर दिसायला लागतात, तिथे एक म्हातारा उभा होता. एकटा. अंगात पायघोळ, जाडसर तपकिरी जेलाबा, हातात काठी, सामान काही नाही. मी थांबलो, काच खाली केली, आणि माझ्या तोंडून इतके गोड शब्द निघाले की माझी मलाच किळस आली.

“या हाजीबाबा, बसा. तुम्ही म्हणाल तिथे सोडतो. मागे बसा, एक सीट आहे.”

म्हातारा वाकला. त्याने चष्मा लावला होता, आणि चष्मा चांगल्या नंबरचा होता, काचेवरून मला कळलं. त्याने मागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“कुठे आहे सीट?” तो म्हणाला. “भरलीये की.”

“नाही बाबा, नीट बघा. दारापाशी बघा. तिथे एक जागा आहे, आज सकाळपर्यंत होती.”

त्याने माझ्यासाठी पुन्हा पाहिलं. भला माणूस होता. मग आवाज खाली घेतला, झोपलेल्या माणसाजवळ आपण घेतो तसा.

“दारापाशी ती बाई बसलीय ना, निळ्या शालीतली. आत्ताच बसलेली दिसतेय, अजून तिला नीट टेकता येत नाहीये. जा लेका. भरलेली गाडी उभी करून ठेवू नये, माणसं खोळंबतात.”

त्याने टपावर हळूच दोनदा थाप मारली, ड्रायव्हरला निघ म्हणून सांगायला मारतात तशी, आणि बाजूला झाला.

मी निघालो. दुसरं काय करणार होतो? थोडं पुढे गेल्यावर शेजारच्या सीटवर फोन वाजायला लागला. मेक्नेसचा नंबर होता. वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मी तो घेतला नाही. घेतला असता तर डॉक्टरीणबाईंनी ते बोलून दाखवलं असतं.

हाजेबच्या बाजारात रस्ता अरुंद होतो आणि एका बाजूला फर्निचरच्या दुकानाची मोठी काच आहे. काचेवर माझा विश्वास आहे, तोच माझा धंदा. गाडी त्या काचेसमोरून गेली तेव्हा मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वळली. मागच्या खिडकीत खांदे होते, एक पुढे एक मागे, आणि दाराच्या काचेला टेकलेलं निळं काहीतरी होतं. तेवढंच. मग दुकान संपलं आणि भिंत आली.

भरलेल्या टॅक्सीचा एक नियम आम्हाला सगळ्यांना पाठ असतो. ज्याला उतरायचं असतं तो मागून ‘इथेच’ म्हणतो, आणि ड्रायव्हर न बघता, न विचारता गाडी बाजूला घेतो. अजून कुणी तसं म्हणालं नव्हतं. मी कान मागे लावून गाडी चालवत होतो. घर जवळ यायला लागलं, देवदारांची झाडं लागली, आणि मला एवढंच कळत होतं की घर आलं, की ती ‘इथेच’ म्हणणार आणि उतरून जाणार. तिला घरीच जायचं होतं.

मागच्या काचा धुरकटल्या होत्या. अझरूच्या चौकात लोक होते, माझ्या दुकानाच्या पायरीवर कुणीतरी बसून माझी वाट बघत होतं. मी वेग कमी केला नाही. मशीद गेली, आमची गल्ली गेली, गावाबाहेरचा पेट्रोल पंप गेला. तिमहदितचा रस्ता लागला, वर चढणारा, मोकळा, आणि फोन पुन्हा वाजायला लागला.

“झोप तू,” मी मागे न बघता म्हणालो. “अजून खूप लांब आहे.”